कॉलेजांतील तीन वर्षांचा ताळेबंद

मृगाचा पाऊस पडूं लागला म्हणजे आपल्या महाराष्ट्रांत दोन प्रकारची घाई एकदमच सुरू होते : शेतकऱ्याची पेरणीची आणि शहरांतील कुटुंबांची कॉलेजप्रवेशाची. बारावीचा निकाल लागलेला असतो; दाखले आणि गुणपत्रिका यांच्या प्रती काढण्यासाठीं झेरॉक्सच्या दुकानांपुढें गर्दी जमते; कोणत्या कॉलेजाची यादी कितीवर थांबली हेंच जिकडे तिकडे ऐकूं येतें. शेतकरी बीं टाकण्यापूर्वीं जमीन कोणती, खत किती, मजुरी किती, पाण्याची सोय काय, ह्या सर्वांचा विचार करतो. परंतु मुलास कॉलेजांत घालणारा गृहस्थ बहुधा दोनच प्रश्न विचारतो : फी किती, आणि पुढें पगार किती ? ह्या दोन प्रश्नांच्या मध्यें जीं तीन-चार वर्षें पडलेलीं असतात त्यांत मुलानें करावयाचें काय, हा तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. बापाच्या तो ध्यानांत येत नाहीं आणि मुलास तो सुचत नाहीं. आजच्या आमच्या लेखाचा विषय हा तिसरा प्रश्न होय.

तो आजच घेण्यास एक निमित्तहि घडलें आहे. आमच्या परिचयाचे एक धान्याचे व्यापारी परवां भेटीस आले होते. त्यांचा थोरला मुलगा मोठ्या शहरांतील वसतिगृहांत राहून वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला आणि गेले आठ महिने घरीं बसून आहे. तीन वर्षांत त्याच्यावर साडेतीन लाख रुपये खर्च झाले, असें त्यांनीं खिशांतील वही काढून आम्हांस दाखविलें. मुलगा वाईट नाहीं. त्यास व्यसन नाहीं. परंतु गिऱ्हाइकाच्या तक्रारीला चार ओळींचें नीट उत्तर त्यास इंग्रजींत लिहितां येत नाहीं आणि मराठींतहि येत नाहीं. धाकटी मुलगी गांवांतल्याच कॉलेजांत यंदा दुसऱ्या वर्षांत आली आहे. दुकान बंद झाल्यावर दिवसाच्या नोंदी टॅलींत तीच करते. जीएसटीच्या विवरणपत्रांची तयारीहि तीच करते. तिला आतां एक चांगलें स्थळ सांगून आलें आहे. मंडळी सुखवस्तु आहेत, हुंडा मागत नाहींत. त्यांची अट एवढीच कीं लग्न येत्या उन्हाळ्यांत व्हावें आणि तिसऱ्या वर्षाचा विचार सोडून द्यावा. "मुलाला शिकवून काय हाताला लागलें तें तुम्हीं पाहिलेंच, साहेब," ते म्हणाले, "मग मुलीला आणखी एक वर्ष कॉलेजांत ठेवून मीं नफा कोणता मिळवायचा, तेवढें मला सांगा."

प्रश्न रागानें विचारलेला नव्हता. एका हिशेबी माणसानें तो प्रामाणिकपणें विचारला होता, आणि असाच प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत असेल असें आम्हांस वाटतें. म्हणून त्याचें उत्तर हिशेबानेंच देण्याचा प्रयत्न करूं.

कॉलेजांत जें भांडवल गुंतविलें जातें त्यांत पैसा हा लहान भाग असून काल हा मोठा भाग आहे. पैसा बुडाला तर पुन्हां मिळवितां येतो. वयाचीं अठरा ते एकवीस हीं वर्षें कोणत्याहि पेढीवर उसनीं मिळत नाहींत. तीन वर्षांचे दिवस १०९५. वर्षाकांठीं निदान १८० दिवस अध्यापन व्हावें असा दंडक आहे. तो पुरा पाळला गेला असें धरलें तरी तीन वर्षांत शिकविण्याचे दिवस ५४० होतात. उरलेले ५५५ दिवस, म्हणजे निम्म्याहून अधिक काल, सर्वस्वीं विद्यार्थ्याच्या स्वाधीन असतो. आतां जो तरुण रोज दोन तास मोबाइलच्या पडद्यावर निरर्थक घालवितो त्याच्या नांवें तीन वर्षांत २१९० तास खर्चीं पडतात. त्यांतला निम्मा काल त्यानें वाचनाकडे वळविला, आणि तासाला वीसच पानें वाचलीं, तरी २१,९०० पानें होतात. अडीचशें पानांचें एक पुस्तक धरल्यास हीं सत्त्याऐंशीं पुस्तकें झालीं. सत्त्याऐंशीं चांगलीं पुस्तकें वाचलेला एकवीस वर्षांचा तरुण आपल्या ओळखींत कितीजण आहेत, हें ज्यानें त्यानें मोजून पाहावें. एक रुपयाची चूक सांपडेपर्यंत रात्रीं रोजकीर्द न मिटणारे आमचे व्यापारी बंधु मुलाच्या ह्या खात्याकडे तीन वर्षांत एकदांहि दृष्टि टाकीत नाहींत, हें आश्चर्य नव्हे काय ?

ह्याचें मूळ आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत थोडेंसें सांपडतें. इ. स. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झालीं. त्या वेळीं विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. कॉलेजांनीं शिकवावें, विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी विभागणी होती. पुढें विद्यापीठांत अध्यापनाचे विभाग निघाले, संशोधन सुरू झालें, सर्व व्यवस्था पालटली. परंतु विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी कचेरी ही समजूत आमच्या मनांतून अजून गेली नाहीं. म्हणूनच वर्षभर वर्गांत न जातां शेवटच्या महिन्यांत अपेक्षित प्रश्नांचे संच घोकून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी आम्हांस हुषार वाटतो. आतां तर घोकण्याचेहि श्रम वांचले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास विषय सांगितला कीं तें निबंध, प्रकल्प, प्रयोगाची टिपणें, सर्व कांहीं क्षणांत लिहून देतें. ह्या साधनाशीं आमचें वैर नाहीं. न समजलेलें समजून घेण्यास, स्वतः लिहिलेलें तपासून पाहण्यास त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु आपल्या ऐवजीं दुसऱ्यास तालमींत पाठवून आपले दंड कोणाचे भरले आहेत काय ? लिहिण्याचे श्रम हेंच जेथें शिक्षण, तेथें ते श्रम दुसऱ्यावर सोंपविणारा तरुण आपल्याच तिजोरींतून चोरी करीत असतो.

पूर्वींच्या तरुणांनीं हा काल कसा खर्च केला, हें पाहण्यासारखें आहे. १८४८ सालीं, म्हणजे मुंबई विद्यापीठ निघण्याच्या नऊ वर्षें आधीं, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनीं आपल्या अध्यापकांच्या साहाय्यानें 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही सभा काढली. तेथें निबंध वाचले जात आणि त्यांवर वाद होई. परंतु हे तरुण वादावर थांबले नाहींत. पुढच्याच वर्षीं त्यांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा उघडल्या आणि फावल्या वेळीं, वेतन न घेतां, सभासद स्वतः तेथें शिकवूं लागले. तरुण दादाभाई नौरोजी त्यांत पुढें होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या धनिकानें ह्या कार्यास हात दिला. त्या काळीं मुलीच्या हातीं पाटी देणें हें लोकांच्या शिव्याशाप ओढवून घेण्याचें काम होतें. हें कोणत्या परीक्षेस नेमलेलें होतें ? ह्याचे गुण कोणत्या गुणपत्रिकेंत मिळाले ?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत टिळक आणि आगरकर यांची गांठ पडली. पुढें ह्या दोघांचीं मतें किती भिन्न झालीं तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पैशाच्या मागें न लागतां देशांतील तरुणांस शिक्षण देण्यांत आयुष्य घालवावें हा विचार त्यांच्या मनांत रुजला तो विद्यार्थिदशेंतील संभाषणांतून. त्याचेंच फळ म्हणजे १८८० सालचें न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ सालची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालचें फर्ग्युसन कॉलेज. आगरकर अत्यंत दारिद्र्यांत शिकले. टिळकांनीं कॉलेजांतील पहिलें वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यांत घालविलें, हीहि गोष्ट प्रसिद्ध आहे. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची होती. अर्थशास्त्राची पदवी घेऊन परत यावें एवढीच त्यांची अपेक्षा असती तर तें काम थोडक्यांत भागलें असतें. परंतु त्यांनीं अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र असे अनेक विषय घेतले, १९१५ सालीं एम्. ए. झाले, आणि १९१६ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, भारतांतील जातींच्या उत्पत्तीवर जो निबंध तेथें वाचला तो आजहि अभ्यासिला जातो. तीन वर्षें सर्वांस सारखींच मिळतात; त्यांतून निघणारें पीक मात्र सारखें नसतें.

कोणी म्हणेल कीं हीं थोरांचीं उदाहरणें झालीं. सामान्य विद्यार्थ्यानें काय करावें? तेंहि सांगतों. आमचा उपदेश मोठा नाहीं, आणि त्यास पैसेहि फारसे लागत नाहींत.

पहिली गोष्ट, गुरु आणि ग्रंथ यांच्याशीं ओळख. प्रत्येक कॉलेजांत निदान दोन-तीन अध्यापक असे असतात कीं त्यांना विचारणारा विद्यार्थी मिळाला तर ते तास संपल्यावरहि थांबतात. त्यांना शोधून काढावें. आठवड्यांतून एक प्रश्न नीट तयार करून विचारावा. वर्षाला असे तीस-चाळीस प्रश्न होतात, आणि तेवढ्यानें अध्यापक विद्यार्थ्यास नांवानें ओळखूं लागतो. पुढें नोकरीच्या वा उच्च शिक्षणाच्या वेळीं शिफारसपत्र मागावें लागतें, तेव्हां ह्या ओळखीची किंमत कळते. ग्रंथालयाचें तसेंच. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचें, मुंबईचें १८९८ पासूनचें. लहान गांवांतहि आज सार्वजनिक वाचनालयें आहेत. त्यांचे वाचक बहुधा पेन्शनर असतात. तरुणांनीं तेथें जावें, आणि ज्या विषयाचें गाइड वाचलें त्याच विषयावरचा मूळ ग्रंथ एक तरी वाचावा.

दुसरी गोष्ट, भाषा. ज्यास आपला विचार पानभर मजकुरांत क्रमानें मांडतां येत नाहीं त्याची पदवी ही कुलूप लावलेली पेटी समजावी. आंत माल असला तरी बाहेर काढतां येत नाहीं. रोज एक पान लिहावें : एक दिवस मराठींत, एक दिवस इंग्रजींत. ऐकलेल्या व्याख्यानाचा गोषवारा, एखाद्या कचेरीस अर्ज, घरीं पत्र, कांहींहि चालेल. इंग्रजी बोलतांना चुका होतील, होऊं द्याव्या. चुकत चुकत बोलणारा दुसऱ्या वर्षीं सुधारतो. लाजून गप्प बसणारा तिसऱ्या वर्षींहि गप्पच असतो. वक्तृत्वाच्या सभा, पुरुषोत्तम करंडकासारख्या नाट्यस्पर्धा ह्यांस वडील मंडळी उनाडपणा समजतात. परंतु चारचौघांत उभें राहून खणखणीत बोलण्याचें शिक्षण वर्गांतल्या बाकावर बसून मिळत नाहीं.

तिसरी गोष्ट, हातानें काम करणें आणि थोडें तरी स्वतः मिळविणें. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि विद्यार्थ्यानें काम करावें व शिकावें हा तिचा पाया ठेवला. १९४७ सालीं साताऱ्यास कॉलेज काढलें तेव्हांहि तेंच तत्त्व तेथें लागू केलें. आज कित्येक कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना आहे. परंतु तिच्यांत नांव घालण्यास सुखवस्तु घरचीं मुलें लाजतात. दुकानदाराचा मुलगा सुटींत घरीं आला तर त्यास गादीवर बसवून चहा देऊं नये. मालाची मोजदाद, गिऱ्हाइकाशीं बोलणें, उधारीची वसुली हीं कामें सांगावीं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतील मागणी आणि पुरवठा हीं प्रकरणें त्यास दुकानांत जितकीं लौकर समजतील तितकीं वर्गांत समजणार नाहींत.

चौथी गोष्ट, सोबत. ह्या बाबतींत आम्हांस थोडें कठोर लिहिणें भाग आहे. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढविलीं, कारण खेड्यांतून आलेल्या मुलास शहरांत कोणी राहावयास जागा व जेवावयास पान देत नसे. ती त्या काळची गरज होती. पुढें १९२४ सालीं भाऊरावांनीं साताऱ्यास जें वसतिगृह उघडलें त्यांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं, आणि तें चालविण्यासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिनेहि दिले. आज कायदा सर्वांस सारखा आहे, खाणावळीचीं दारें उघडीं आहेत. तरीहि खोलीचा सोबती कोण असावा, डब्याचा भागीदार कोण, मोबाइलवरील गटांत कोणास घ्यावें, हें आडनांव पाहून ठरविणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत. घरून निघतांना मुलास जो उपदेश होतो त्यांत 'आपल्यांतल्यांतच राहा' हें वाक्य किती वेळां असतें, तें वाचकांनीं स्वतःच्या मनास विचारावें. आपल्या आळींत, आपल्या नात्यांत, आपल्या पेठेंत जीं माणसें कधीं भेटलीं नसतीं त्यांच्याशीं बरोबरीनें राहण्याची संधि आयुष्यांत बहुधा कॉलेजांतच मिळते. ती दवडणारा विद्यार्थी शहर पाहून येतो. गांव मात्र त्याच्या डोक्यांतून हालत नाहीं.

पांचवी गोष्ट, शरीर आणि मन. टिळकांप्रमाणें सबंध वर्ष व्यायामास देण्याची सवड आज कोणास नसेल. अर्धा तास सर्वांस आहे. झोंप मोडून अभ्यास करूं नये आणि झोंप मोडून मोबाइल तर मुळींच पाहूं नये. त्याहून महत्त्वाचें हें कीं परीक्षेंतील अपयश म्हणजे आयुष्याचा शेवट, ही भयंकर समजूत घरांतून हद्दपार झाली पाहिजे. एक विषय राहिला तर तो पुन्हां देतां येतो. मुलाचें मन खचलेलें दिसलें तर आईबापांनीं आधीं जवळ बसावें, गुणपत्रिका मागाहून पाहावी. वसतिगृहांत कोणी छळ करीत असेल तर तो मुकाट्यानें सोसण्याचें कारण नाहीं. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ पासून कायदा आहे, आणि तो विद्यार्थ्यास व पालकास माहीत असला पाहिजे.

सहावी गोष्ट, लोकसेवा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं सुरू झाली. तींत विद्यार्थ्यानें वर्षाला १२० तास काम करावयाचें असतें आणि सात दिवसांच्या शिबिरास खेड्यांत जावयाचें असतें. वर वाया जाणाऱ्या तासांचा हिशेब दिला आहे, त्यापुढें हे १२० तास काय आहेत ? परंतु पुष्कळ ठिकाणीं नोंदवहींत सही, हातांत झाडू घेऊन एक छायाचित्र, आणि वर्षाअखेरचे जादा गुण एवढ्यांतच ही सेवा आटोपते. ज्यानें एक बंधारा खरोखर घातला, एका वस्तींतील दहा मुलांस खरोखर वाचावयास शिकविलें, त्यास आपल्या देशाविषयीं जें कळतें तें दहा निबंधांनीं कळत नाहीं.

ह्या सर्वांत परीक्षेची हेटाळणी करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. गरिबाच्या मुलास गुणपत्रिका हीच शिफारस असते, आणि ती उत्तम असावी. परंतु वर सांगितलेल्या रीतीनें वर्ष घालविणाऱ्यास परीक्षा जड जात नाहीं, असा अनुभव आहे. ज्यास घरच्या दारिद्र्यामुळें शिकत असतां नोकरी करावी लागते त्यास एवढा अवकाश मिळत नाहीं हेंहि आम्ही जाणतों. त्यानें सहांपैकीं दोनच गोष्टी साधाव्या : रोजचें एक पान आणि एका अध्यापकाची ओळख. तेवढ्यानेंहि फरक पडतो.

आतां मुलींकडे वळूं. कारण आमच्या व्यापारी मित्राच्या प्रश्नाचें मर्म तेथें आहे. १८८८ च्या सुमारास कॉर्नेलिया सोराबजी ह्या डेक्कन कॉलेजांतून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. परीक्षेंतील यशानें विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क पोंचत होता. ती त्यांस स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. शेवटीं इंग्लंडांतील कांहीं सज्जनांनीं वर्गणी जमवून त्यांस ऑक्सफर्डास नेलें. आज कायदा असा उघड अन्याय करीत नाहीं. उलट, महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या ठराविक वर्गांतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. म्हणजे सरकारचें दार उघडलें; बंद राहिलें तें घराचें. मुलगा कॉलेजांतून आला तर तो थकलेला असतो. मुलगी आली तर तिची स्वयंपाकघरांत वाट पाहिली जात असते. मुलाच्या तीन वर्षांस कोणी हात लावीत नाहीं. मुलीचीं तीन वर्षें स्थळ येईपर्यंतचीं असतात.

ह्या बाबतींत एका नव्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अशी सोय केली आहे कीं एक वर्ष पुरें करणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षें करणाऱ्यास पदविका, तीन वर्षांनीं पदवी आणि चौथ्या वर्षानंतर विशेष पदवी मिळावी, व मध्यंतरीं बाहेर पडलेल्यानें पुन्हां येऊन पुढचें शिक्षण पुरें करावें. अडलेल्या विद्यार्थ्यासाठीं ही सोय चांगली आहे. परंतु आमच्या मित्राकडे आलेल्या मंडळींनीं तिचा जो अर्थ लावला तो ऐकण्यासारखा आहे. "दोन वर्षांची पदविका मिळतेच ना ? मग तिसऱ्या वर्षाची घाई कशाला ? पुढें वाटलें तर करील," असें ते म्हणाले. कायद्यानें बाहेर पडण्याचें दार ठेवलें तें गरजवंतासाठीं. त्याच दारानें हजारों मुलींस बाहेर घालविण्याची युक्ति आमचा समाज काढणार असेल, तर सुधारणेचें साधनच अन्यायाचें साधन झालें म्हणावयाचें. परत येण्याची मुभा नियमांत आहे हें खरें. परंतु नव्या घरांत सून म्हणून गेलेली, सकाळचा डबा आणि संध्याकाळचा पाहुणा सांभाळणारी किती मुली परत वर्गांत बसतील? 'पुढें वाटलें तर' ह्या शब्दांत वाटणें कोणाचें, हेंच मुळीं सांगितलेलें नसतें.

व्यापारी वर्गास स्त्रीशिक्षणाचें महत्त्व कळत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या उलट पुरावा मुंबईंत उभा आहे. कापसाचे आणि शेअरांचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले; १८७८ सालीं पुरा झालेला तो मनोरा त्यांच्या मातोश्री राजाबाई यांच्या नांवानें ओळखला जातो. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें त्यास १९२० सालीं गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाख रुपये देऊं केले, आणि तें विद्यापीठ त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांच्या नांवानें आजतागायत चाललें आहे. ह्या दोन व्यापाऱ्यांस विद्येच्या मंदिरावर कोरण्यास आईचेंच नांव योग्य वाटलें. आईच्या नांवानें विद्यापीठें चालविणाऱ्यांच्या पेढीवर लेकीच्या एका वर्षाची वासलात एका बैठकींत लागावी, हें त्या परंपरेस शोभतें काय ?

आतां त्या गृहस्थांस आमचें उत्तर. मुलाचे साडेतीन लाख बुडाले ते शिक्षणानें बुडाले नाहींत. तीन वर्षांत तिसरा प्रश्न त्यास कोणी विचारला नाहीं म्हणून बुडाले. तो अजून बाविशींत आहे. रोजचें एक पान आणि दुकानांतील तीन तास एवढें त्यानें उद्यांपासून धरलें तर तें खातें पुष्कळ अंशीं भरून निघेल. मुलीनें मात्र आम्हीं सांगितलेल्या गोष्टींपैकीं निम्म्या न सांगतांच केल्या आहेत. ती शिकते, हातानें काम करते, जें शिकली तें दुकानांत वापरते. आपल्या दोन खात्यांपैकीं जें फायद्यांत आहे तेंच, पूर्ण होण्यास एक वर्ष उरलें असतां, बंद करावयाचें, असा सल्ला आपल्याला कोणी मुनीमानें दिला असता तर आपण त्यास कामावर ठेवलें असतें काय ? मंडळींस एक वर्ष थांबण्यास सांगावें. खरोखर चांगलें स्थळ असेल तर तें थांबेल. आणि शिकणाऱ्या मुलीसाठीं जें घर एक वर्ष थांबूं शकत नाहीं तें पुढें तिच्यासाठीं कशाकशाला थांबणार नाहीं, ह्याचाहि अंदाज आतांच आलेला बरा. सर्वांत आधीं एक गोष्ट करावी, जी आपण आमच्याकडे येण्यापूर्वीं केली नव्हती : मुलीस विचारावें.

ते कांहीं न बोलतां वही खिशांत घालून गेले. मंडळींस उत्तर दसऱ्यापूर्वीं द्यावयाचें आहे असें त्यांनीं जातांना सांगितलें. तें उत्तर काय जातें हें आम्हांस कळेलच. परंतु अशीं उत्तरें यंदा पुष्कळ घरांतून जावयाचीं आहेत, आणि पुष्कळ मुलें ह्या महिन्यांत ट्रंका भरून शहराकडे निघालीं आहेत. म्हणून आमची सर्व पालकांस विनंति आहे कीं फी भरल्याची पावती जपून ठेवतांना तिच्या पाठीमागें तो तिसरा प्रश्न लिहून ठेवावा, आणि दिवाळीच्या सुटींत मुलें घरीं आलीं म्हणजे, वहीपूजन आटोपल्यावर, मुलास आणि मुलीस सारख्याच आस्थेनें तो विचारावा : ह्या चार महिन्यांत जमेस काय आलें ?